मातानी पछेडीच्या पद्धतीने एक कापड रंगवताना

अहमदाबादमध्ये देवीपूजक समाजातील काही मोजकी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देवीचे कापड रंगवत आली आहेत. या कापडाला मातानी पछेडी म्हणतात आणि ते रंगवणाऱ्यांचे आडनावच चितारा असे पडले आहे. हा समाज पूर्वी वाघरी या नावाने ओळखला जाई. देवीपूजक हे नाव त्यांनी स्वतः आपलेसे केलेले आहे आणि आपणही तेच वापरावे. दातवण विकणे, भाजीपाला विकणे, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणे अशा फिरत्या व्यवसायांवर जगणाऱ्या या लोकांना देवळात प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी देऊळच कापडावर उतरवले, असे या कलेच्या उगमाविषयी सांगितले जाते. चार बाजूंना पछेड्या टांगायच्या, वर छत म्हणून चौकोनी चंदरवो ताणायचा आणि आत देवीची स्थापना करायची, की मोकळ्या जागेवर मंदिर उभे राहते. अंगावर घेण्याच्या जाड सुती चादरीला गुजरातीत पछेडी म्हणतात. देवीच्या मागे टांगायचे ते कापड, असाही या नावाचा अर्थ सांगितला जातो.

ही पद्धत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन लिहीत आहे. साठ सेंटिमीटर रुंद आणि नव्वद सेंटिमीटर लांब असा एकच तुकडा पहिल्यांदा घ्यावा आणि तो पूर्ण करण्यासाठी तीन आठवडे राखून ठेवावेत. त्यातील निम्म्याहून अधिक वेळ वाट पाहण्यातच जातो. घाई केली, तर या कामात नेमके काय बिघडते ते पुढे ओघाने येईलच.

आरंभी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण तिच्यावर सगळी कृती उभी आहे. कापडावर कलमाने आपण रंग लावत नसतो. काळ्यासाठी लोखंडाचे पाणी लावतो आणि लालसाठी तुरटीचे पाणी लावतो. लोखंडाचा काळा रंग कापडात आधीच मुरवलेल्या हिरड्याशी संयोग होऊन तयार होतो, तर लाल रंग शेवटी कढईतच उमलतो, कारण उकळत्या रंगातील लाली जिथे तुरटी आहे तिथेच घट्ट धरते आणि उरलेल्या जागेवरून धुतली जाते. चित्रकलेच्या सवयीने येणाऱ्या माणसाला हे उलटे वाटते. आपण जे रेखाटतो ते बऱ्याच अंशी अदृश्य असते आणि चित्र दिसते ते शेवटच्या दिवशी.

लोखंडाचे पाणी पहिल्या दिवशीच घालावे

कापडाला हात लावण्यापूर्वी काळ्या रंगाची तयारी सुरू करावी, कारण तिला दहा ते पंधरा दिवस लागतात. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे किंवा घोड्याचे जुने नाल असे सुमारे 250 ग्रॅम लोखंड, 50 ग्रॅम गूळ आणि एक लिटर पाणी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात एकत्र करावे. लोखंडावर तेल किंवा रंगाचा थर असेल, तर तो आधी जाळून अथवा घासून काढावा. भांड्याचे तोंड फडक्याने बांधावे. घट्ट झाकण लावू नये, कारण आंबताना आत वायू तयार होतो. गूळ आंबून आम्ल बनते आणि त्या आम्लात लोखंड हळूहळू विरघळते. काही दिवसांनी वर फेस येतो, आंबट वास सुटतो आणि पाणी पिवळसर तपकिरी होते. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंडीत रेंगाळते. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडाच्या पट्टीवर एक थेंब टाकून पाहावा. थेंब काही क्षणांत काळा पडू लागला आणि वाळल्यावर गडद राहिला, तर पाणी तयार झाले. राखाडी राहिला, तर आणखी थांबावे.

पाणी तयार झाले, की ते गाळून घ्यावे. या कामासाठी वापरलेली भांडी, गाळणी आणि चमचे पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत, आणि हातमोजे घालूनच काम करावे.

कापड आणि हिरडा

कापड शुद्ध सुती हवे. मांजरपाट उत्तम. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण हिरडा आणि तुरटी दोन्ही त्या धाग्याला धरत नाहीत. वर सांगितलेल्या मापाचा तुकडा साधारण शंभर ग्रॅम वजनाचा भरतो आणि पुढील सर्व प्रमाणे त्याच हिशेबाने दिली आहेत. गिरणीची खळ काढण्यासाठी तो एक रात्र आणि एक दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, चोळून धुवावा, मग चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळावा आणि पुन्हा स्वच्छ धुवावा. ओल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून काही समजत नाही. कापड पूर्ण वाळवून त्यावर थेंब टाकावा. तो लगेच आत शोषला गेला, तर खळ गेली. तो मण्यासारखा वर बसून राहिला, तर पुन्हा उकळावे.

यानंतर हिरडा. वीस ग्रॅम हिरड्याची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, ढवळून त्यात कापड अर्धा तास चांगले मळावे. हिरड्यातील तुरट द्रव्य सुतात बसते आणि कापडाला फिकट लिंबासारखा पिवळा रंग येतो. कापड हलकेच पिळून, सपाट जागी, एकच बाजू वर ठेवून उन्हात वाळवावे. सुकताना पाणी वरच्या बाजूने उडून जाते आणि हिरड्याचा अंश त्या बाजूला अधिक साठतो; रेखाटन त्याच बाजूवर करायचे असते, म्हणून कोपऱ्यात दोऱ्याची एक खूण करून ठेवावी. वाळल्यावर कापड धुवायचे नाही. त्यावर पाण्याचे शिंतोडे उडू देऊ नयेत आणि घामेजल्या हाताने ते हाताळू नये, कारण त्या ठिकाणी पुढे डाग उठतात.

खळ: चिंचोक्याची

लोखंडाचे पाणी असो वा तुरटीचे, ते नुसते लावले तर कापडावर पसरते आणि रेषा फाटते. त्यासाठी चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजून, वरची तपकिरी साल काढून, आतला पांढरा गर बारीक दळावा. अडीचशे मिलिलिटर पाण्यात पंधरा ग्रॅम पूड आधी गार पाण्यात कालवून, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवावी. खळ काचेसारखी पारदर्शक झाली, की उतरवून सुती कापडातून दोनदा गाळावी. एक गाठ राहिली, तरी ती कलमाच्या टोकाशी अडते आणि रेषेच्या मध्येच थेंब सांडतो. ठशाने छापायचे असेल, तर खळ थोडी दाट ठेवावी. ही खळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नासते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

मांडणी

आता हात क्षणभर थांबवून कापडाकडे पाहावे. पछेडीच्या मध्यभागी कमानीखाली देवी असते आणि ती इतर सर्व आकृत्यांपेक्षा मोठी असते. तिच्या भोवती ओळींमध्ये चौकटी असतात, त्यांत तिच्या कथा, तिच्याकडे निघालेले भक्त, वाद्ये वाजवणारे, बळीचा बकरा घेऊन येणारा भुवा (देवीचा पुजारी), घोडेस्वार, हत्ती, मोर आणि झाडे दिसतात. वर सूर्य आणि चंद्र असतात, गणपती असतो. कडेने एकापेक्षा अधिक पट्टे असलेली किनार असते. या चौकटी क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. देवीच्या जागरात गाणारा जागरिया पछेडीकडे बोट दाखवत तिच्यातील कथा गातो. मोकळी जागा सहसा सोडली जात नाही, मधल्या फटींतही ठिपके, पाने, फुले येतात. दाटपणामुळेच लांबून पाहिले तर कापड एखाद्या भिंतीसारखे दिसते, आणि ते खरोखर भिंतीचेच काम करते.

देवी कोणती ते तिच्या वाहनावरून ओळखावे. बहुचरा कोंबड्यावर बसते, खोडियार मगरीवर, मेलडी काळ्या बकऱ्यावर, विसत म्हशीवर, मोमाई उंटावर, हडकाई कुत्र्यासोबत असते, तर वहाणवटी सिकोतर ही दर्यावरच्या प्रवाशांची रक्षणकर्ती म्हणून जहाजात दाखवली जाते. यांपैकी प्रत्येक देवीला मानणारी कुळे आहेत, नवस फेडण्यासाठी पछेडी अर्पण करणारी माणसे आहेत आणि चैत्र व आश्विन नवरात्रांत या कापडांना खरी मागणी असते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे, की शिकणाऱ्याने पहिल्या तुकड्यावर देवी काढू नये. मध्ये झाड घ्यावे, त्याभोवती हत्तींची आणि मोरांची ओळ घ्यावी, किनार नीट साधावी. एखाद्या कुळाची देवी चुकीच्या वाहनावर किंवा चुकीच्या आयुधांसह काढण्यापेक्षा चांगला मोर काढणे केव्हाही उचित. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात जुन्या पछेड्या पाहायला मिळतात. शक्य असेल त्याने त्यांच्या समोर उभे राहून फक्त किनारींची रचना समजून घ्यावी. त्या एका गोष्टीने हातात बरेच काही येते.

परंपरेत तीनच रंग होते: कापडाचा पांढरा, काळा आणि गडद लाल. आज निळीपासून हळदीपर्यंत अनेक रंग वापरून सुंदर कामे केली जातात. तरीही सुरुवात या तिन्ही रंगांनीच करावी, कारण पांढऱ्या जागेचा तोल याच तीन रंगांत शिकता येतो.

रेखाटन

बांबूची बारीक काडी तिरकी कापून, टोक किंचित चिरून बाह्यरेषेसाठी कलम करावे. भरणीसाठी दातवणासारखी कोवळी काडी टोकाशी ठेचून तिचे तंतू मोकळे करावेत. तिला रंग धरून ठेवता येतो आणि मोठी जागा झपाट्याने भरते. किनारीसाठी लाकडी ठसे वापरण्याची पद्धत आहे, आणि गांधीनगरजवळचे पेथापूर हे गाव अशा कोरीव ठशांसाठी प्रसिद्ध आहे. तरी पहिल्या तुकड्यावर सगळे हाताने काढलेले बरे. ठसा सरळ रेषेत टेकवणे हे वेगळे कसब आहे.

लोखंडाच्या पाण्यात तेवढीच खळ मिसळून सर्व बाह्यरेषा प्रथम काढाव्यात. रेषा काढताना फिकट दिसते आणि हवा लागून मिनिटामिनिटाला गडद होते, म्हणून ती अंधुक दिसली तरी तिच्यावर पुन्हा गिरवू नये. लोखंड जादा झाले, तर काळपणा वाढत नाही, सूत मात्र कुजते. जुन्या छापील कापडांवर काळ्या रेषेच्या जागीच कापड झिजून भोक पडलेले दिसते, त्याचे कारण हेच. काळ्या रंगाने भरायच्या जागाही याच टप्प्यावर भराव्यात, पण मोठमोठे सलग काळे पट्टे टाळावेत.

रेषा पूर्ण वाळल्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, तुरटी. अडीचशे मिलिलिटर गरम खळीत पंचवीस ग्रॅम तुरटीची पूड विरघळवावी. हे मिश्रण कापडावर जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्यात चिमूटभर गेरू मिसळावा. गेरूचा रंग पुढे धुऊन जातो, त्याचे काम केवळ आपण कुठवर भरले हे दाखवण्याचे. जिथे लाल हवे तिथे हे मिश्रण काळ्या रेषेला टेकेपर्यंत नीट भरावे आणि जिथे पांढरे ठेवायचे तिथे एक थेंबही पडू देऊ नये. पडलेला थेंब पुसून जात नाही. तो पुढे लाल ठिपका होऊन उगवतो. चितारा कुटुंबांत रेखाटन अनुभवी हाताकडे आणि भरणी घरातील स्त्रिया व मुलांकडे अशी वाटणी असते, आणि मुले ही कला अशा भरणीतूनच शिकतात. आपल्या घरीही दोघांनी मिळून बसावे.

भरणी झाल्यावर कापड घडी न करता दोन ते तीन दिवस तसेच टांगून ठेवावे. या काळात तुरटी सुतात पक्की बसते. इथे उतावीळपणा केला, तर धुताना अर्धी तुरटी निघून जाते आणि लाल रंग गुलाबी होऊन राहतो.

धुणे

सगळ्या कृतीतील सर्वांत नाजूक टप्पा हा आहे, आणि बहुतेक पुस्तकी वर्णनांत त्याला एक ओळ मिळते. कापडावर आता खळ आहे, गेरू आहे आणि सुताला न धरलेली जादा तुरटी व लोखंड आहे. हे सारे काढायचे आहे. पण ते निघताना शेजारच्या कोऱ्या जागेवर बसता कामा नये. साचलेल्या पाण्यात कापड बुडवले, की नेमके तेच होते. सुटलेली तुरटी पाण्यात तरंगत राहते आणि कोऱ्या जागी जाऊन धरते. अहमदाबादचे कारागीर कापड साबरमतीच्या वाहत्या पाण्यात नेत, ते यासाठी. वाहता प्रवाह सुटलेला अंश धरण्याआधीच दूर नेतो. नदीची रुंदी, तिचे वाहणे आणि कोरडे पडणे यांच्याशी या कलेचे भवितव्य बांधलेले आहे, ही गोष्ट अहमदाबादबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

मी माझा पहिला तुकडा बादलीत धुतला होता. कढईतून तो बाहेर आला तेव्हा पांढऱ्या जागेवर सर्वत्र मळकट गुलाबी छटा होती आणि ती नंतर कशानेही गेली नाही. तेव्हापासून मी कापड एका तिरक्या फळीवर पसरून, वरच्या कडेला नळी धरून, पाणी सलग खाली वाहू देतो. कापड दुमडू द्यायचे नाही, एका भागावर दुसरा भाग टेकू द्यायचा नाही, आणि हाताने घासायचे नाही. खळ फुगून बुळबुळीत होऊन आपोआप सुटते. हे काम पंधरा-वीस मिनिटे चालते. हाताला कापड कोरडे असल्यासारखे खरखरीत लागले, की थांबावे.

कढई

लाल रंगासाठी पूर्वी आल, म्हणजे बारतोंडीचे मूळ, आणि मंजिष्ठा वापरत. या मुळांतील लाल रंगद्रव्यांच्या कुळातलेच एक म्हणजे ॲलिझरीन. एकोणिसाव्या शतकात, 1869 च्या सुमारास ते कारखान्यात बनू लागले आणि पुढे पछेडीच्या कढईतही तेच आले. त्यामुळे ॲलिझरीन वापरले म्हणून कापड खोटे ठरत नाही. शंभर ग्रॅम कापडाला दोन ते तीन ग्रॅम ॲलिझरीन पुरते. मंजिष्ठा घ्यायची असेल, तर तिची पूड कापडाच्या वजनाइतकी घ्यावी आणि रात्रभर भिजवावी.

भांडे तांब्याचे असावे. ते नसेल, तर स्टेनलेस स्टीलचे चालेल. लोखंडी कढई मुळीच घेऊ नये, कारण सुटलेले लोखंड लालला काळवंडून टाकते. पाच-सहा लिटर पाण्यात रंग आणि धायटीची मूठभर वाळलेली फुले घालावीत. धायटीमुळे रंग सारखा चढतो आणि कोरी जागा कमी मळते, असा या कामातील जुना अनुभव आहे. पाणी कोमट असतानाच ओले कापड मोकळे करून सोडावे आणि आच हळूहळू वाढवत पाऊण तासात ते उकळीपर्यंत न्यावे. या सर्व वेळात काठीने कापड वर-खाली करत राहावे. ते तळाशी बसले किंवा घडीत अडकले, तर तिथे कायमचा पट्टा पडतो. मंजिष्ठा असेल, तर मात्र पाणी उकळू देऊ नये, कारण फार उष्णतेत तिच्यातील तपकिरी द्रव्येही उतरतात आणि लाल मंदावतो. हात लावता येणार नाही इतके गरम पाणी पुरेसे. पाणी फार मृदू असेल, पावसाचे असेल, तर त्यात खडूची चिमूट घालावी. चुन्याच्या अंशाशिवाय हा लाल खुलत नाही.

पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग गेरू धुऊन गेलेल्या रिकाम्या जागांतून लाल रंग वर येऊ लागतो, हत्तीच्या झुली भरतात, झाडाची पाने भरतात, आणि आठ दिवस डोळ्यांना न दिसलेले चित्र एकाएकी समोर उभे राहते. उकळी आल्यावर आणखी वीस मिनिटे ठेवून कापड बाहेर काढावे.

कापड गार झाल्यावर ते भरपूर पाण्यात, या वेळी थोड्या सौम्य साबणाने, धुवावे. पांढरी जागा अजूनही किंचित गुलाबी-पिवळी असते. ओले कापड गवतावर उन्हात पसरून, वाळू लागले की पाणी शिंपडत, असे तीन-चार दिवस केल्याने ती जागा उजळते. तुरटीवर बसलेल्या लाल रंगाला या उन्हाने फारसा धक्का पोचत नाही. रसायनाने पांढरे करण्याचा मोह टाळावा, त्यात रेषाही फिकटते.

नाव आणि जपणूक

तयार झालेल्या कापडाला मातानी पछेडी म्हणू नये, आणि त्या नावाने विकू तर नयेच. या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याहीपेक्षा, ते नाव ज्यांच्या पूजेशी आणि पोटाशी बांधले आहे त्या कुटुंबांचे ते आहे. भानुभाई चितारा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेची बरीच चर्चा झाली, पण रोजचे काम करणारी घरे अजूनही मोजकीच आहेत. खरी पछेडी हवी असेल, तर ती त्यांच्याकडूनच घ्यावी. घेताना मागची बाजू पाहावी: हाताने काढलेल्या कापडात रेषेची जाडी कमीजास्त असते, काळा मागेही उतरलेला असतो, आणि दोन हत्ती कधीही तंतोतंत सारखे नसतात. जाळीच्या पडद्यातून (स्क्रीनने) केलेल्या छपाईत ते तंतोतंत सारखे असतात.

आपला तुकडा टांगायचा असेल, तर थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर, वरच्या कडेला काठी ओवून टांगावा. ठेवून द्यायचा असेल, तर घडी घालू नये. काळ्या रेषा घडीवरच प्रथम तुटतात. धुतलेल्या सुती कापडात लपेटून नळकांड्यावर गुंडाळावा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा काढून सावलीत हवा द्यावी.